मांजराच्या केसांची मिशी

"हा माणूस कालपासून इथेच उभाय का गं?" बाबांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

उभाच होता. गेब्रिएल नाइट त्याचं नाव, न्यू ऑर्लिन्सचा, पुस्तकांचं दुकान चालवणारा, कादंबऱ्या लिहिणारा आणि खानदानी भूतपकड्या. खानदानी म्हणजे अगदी खरंच, ह्याच्या जर्मन पूर्वजांचा पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा, शॅटनयेगर म्हणतात त्यांना, सावल्यांचे शिकारी. तर एका राजपुत्राचं तान्हं बाळ चोरीला गेलंय, चोरणारे बहुतेक रक्त पिणाऱ्या कॅटेगरीतले आहेत, आणि त्यांचा माग काढत हा दक्षिण फ्रान्समधल्या रेन-ल-शातो नावाच्या डोंगरावरच्या खेड्यात येऊन पडलाय. बाळ कुठल्या अवस्थेत असेल देव जाणे. आणि आमचे शिकारी साहेब भाड्याने गाड्या देणाऱ्या दुकानासमोर कंबरेवर हात ठेवून उभे, कारण पुढे काय करायचं ते मला कळत नव्हतं आणि मी क्लिक केल्याशिवाय ते हलत नाहीत.

गेमचं नाव गेब्रिएल नाइट 3, 1999 सालचा. पॉइंट अँड क्लिक. म्हणजे यात गोळ्या झाडायच्या नसतात, पळायचं नसतं, उड्या मारायच्या नसतात, दिसेल त्यावर क्लिक करायचं, मिळेल ते खिशात टाकायचं, भेटेल त्याला भंडावून सोडायचं, आणि मग खिशातली कुठली वस्तू जगातल्या कुठल्या वस्तूवर घासली की गोष्ट पुढे सरकते ते शोधायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी कॉलेजात असताना मैत्रिणीच्या भावाच्या कॉम्प्युटरवर हाच गेम, ह्याच दुकानासमोर अडकला होता, अख्खी दिवाळीची सुट्टी फराळाच्या ताटासकट तिकडे गेली आणि शेवटी भावाने कॉम्प्युटर फॉरमॅट करून प्रश्न मिटवला. तेव्हापासून ते मनात कुसळासारखं राहिलेलं. यंदा सेलमध्ये वडापावच्या किमतीत (बरं, दोन-तीन वडापाव) परत दिसला, घेतला, आठवडाभर साताऱ्याला आईकडे वर्क फ्रॉम होम होतं, आणि मी स्वतःशी शपथ घातली की यावेळी उत्तरं बघायची नाहीत. वॉकथ्रूला हात लावायचा नाही. माणूस चाळिशीत आला की अशा शपथा का घेतो काय माहीत.

तर अडचण अशी. दुकानात मोपेड आहेत पण आमच्या हिरोला मोटरसायकलच हवी, मोटरसायकल एकच आहे, आणि ती मोझली नावाच्या माणसाने बुक केलीय. हा मोझली कोण, तर गेब्रिएलचा जुना दोस्त, न्यू ऑर्लिन्सचा पोलीसवाला, योगायोगाने खजिना शोधणाऱ्या एका टूर ग्रुपबरोबर त्याच गावात त्याच हॉटेलात उतरलेला.

"दोस्त आहे ना?" बाबा म्हणाले. "मग किल्ली मागून घे की त्याच्याकडून."

"तसं नाही करता येत."

"का?"

आता याला काय उत्तर देणार. मोझलीवर क्लिक केलं की बोलायचे विषय येतात त्यात 'बाबा रे जरा गाडी दे' हा विषयच नाही. खजिन्याबद्दल विचारता येतं, टूर ग्रुपमधल्या बाकीच्यांबद्दल विचारता येतं, गाडी मागता येत नाही. बाबांनी मग डिपॉझिट वाढवून देण्याचा पर्याय सुचवला, मग बसचा, मग चालत जाण्याचा, मग "दुकानदाराला चहाला घेऊन जा" असा व्यवहारी पर्याय. बाबा बँकेत चौतीस वर्षं होते, त्यातली शेवटची बरीचशी पासिंग ऑफिसर म्हणून, म्हणजे माणूस खरा की खोटा, सही जुळते की नाही, फोटो त्याचाच की त्याच्या भावाचा हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. त्यांना वाटतं जगातला कुठलाही प्रश्न योग्य कागद लावला की सुटतो. बहुतेक सुटतोच म्हणा.

आईचं वेगळंच. ती कूकर लावता लावता दारातून डोकवायची आणि एकच विचारायची, "सापडलं का गं बाळ?"

"नाही अजून."

"आणि तू गाडी बघत बसलीयेस!"

ह्या गेमात आणखी एक भानगड आहे, कॅमेरा हिरोपासून सुटा आहे. म्हणजे गेब्रिएल दुकानापाशी उभा असला तरी मी कॅमेरा घेऊन त्या ठिकाणी हवं तिथे भटकू शकते, भिंतीच्या पलीकडे, टेबलाखाली, कुंडीत, लोकांच्या नाकासमोर. तीन दिवस मी हेच केलं. हॉटेलच्या लॉबीतला प्रत्येक इंच बघितला. त्या खेड्यातल्या दगडांची मला आता इतकी ओळख झालीय की उद्या तिथे नेऊन सोडलं तर डोळे मिटून चर्चपर्यंत जाईन. बाबांना ही कॅमेऱ्याची सोय फार आवडली, म्हणाले आमच्या स्ट्राँगरूमला असा पाहिजे होता.

चर्चवरून आठवलं. बाबा खऱ्या अर्थाने गेमात ओढले गेले ते चर्चमुळे. ते गाव खरं आहे, चर्च खरं आहे, आणि चर्चची गोष्ट तर गेमपेक्षा भारी आहे. 1885 साली बेराँझे सोनिएर नावाचा एक गरीब पाद्री तिथे आला, पडकं चर्च, खिशात दमडी नाही. काही वर्षांत ह्या माणसाने चर्च नवीन करून घेतलं, रंगीबेरंगी मूर्ती बसवल्या, दारातून आत गेल्या गेल्या पवित्र पाण्याचं भांडं खांद्यावर घेऊन वाकलेला एक डोळे वटारलेला सैतान (हो, चर्चमध्ये, सैतान), वर व्हिला बांधला, दरीच्या तोंडावर पुस्तकं ठेवायला एक बुरूज बांधला. पैसे कुठून आले? लोक म्हणाले गुप्तधन सापडलं. नंतर त्याच्यावर कथांचे थर चढत गेले, मध्ययुगातले ख्रिस्ती लढवय्ये, टेंपलर सरदार आले, गुप्त वंशावळी आल्या, जगभरातून माणसं फावडी घेऊन यायला लागली, शेवटी गावाला खोदकामाला बंदीचा बोर्ड लावावा लागला. गेमात जो टूर ग्रुप आहे तो असल्याच हौशी लोकांचा.

मी हे सगळं बाबांना रंगवून सांगितलं. मध्येच आवाज खाली वगैरे आणला. बाबांनी शांतपणे विचारलं, "पण पैसे आले कुठून?"

आले होते प्रार्थनांच्या पैशातून. सोनिएर दूरदूरच्या लोकांकडून मृतांच्या नावाने प्रार्थना करायचे पैसे टपालाने मागवायचा, आणि इतक्यांकडून मागवले की एका माणसाला जन्मभर दिवसरात्र उभं राहूनही त्या पुऱ्या करता आल्या नसत्या. बिशपने चौकशी लावली, हिशोब मागितला, ह्याला तो धड देता येईना, शेवटी काम काढून घेतलं.

बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे अभिषेकाच्या पावत्या फाडल्या आणि अभिषेक केलेच नाहीत!"

"हो."

"पावतीपुस्तकाचा घोळ आहे हा सगळा! कसलं गुप्तधन!" आणि खुर्ची ओढून बाबा माझ्या शेजारी कायमचे बसले. रहस्यकथेतलं भूत पहिल्याच फटक्यात ऑडिटमध्ये निघून गेलं ते एक बरं झालं, कारण तोपर्यंत आई देवघरातून "रात्रीचं असलं बोलू नका" असं दोनदा ओरडली होती.

पण गाडी काही मिळेना.

चौथ्या रात्री, दीड वाजता, मच्छरदाणीत लॅपटॉप घेऊन, ब्राइटनेस पार खाली करून मी शपथ मोडली. उत्तर वाचलं. परत वाचलं. मग वाटलं भाषा चुकून दुसरीच समजतेय म्हणून दुसरीकडे शोधून वाचलं. तेच.

सकाळी चहाच्या वेळी मी सहज सुचल्यासारखं दाखवत बाबांसमोर सुरू केलं. "बाबा, मला वाटतं आपण मोझली बनून जायचं."

"तोतया," बाबा म्हणाले. सावध झाले.

हॉटेलात एक गोळी उचलायची, म्हणजे खायची गोळी. ती मोझलीच्या वाटेत ठेवायची. मोझली गोडघाशा, तो गोळी बघून वाकतो, वाकला की मागच्या खिशातला पासपोर्ट वर येतो, तो मारायचा. इथपर्यंत बाबा तक्रार न करता बसले, खिसेकापू त्यांना समजतात. मग मोझलीचा कोट घालायचा. गेब्रिएलचे केस लांब, म्हणून टोपी. हेही ठीक.

"आता मिशी लागेल," मी म्हटलं.

"मोझलीला मिशी आहे?"

"नाही."

बाबांनी कप खाली ठेवला. "मग मिशी कशाला?"

"चेहरा जुळत नाही ना, म्हणून. मिशी लावली की…"

"अगं फोटोत मिशी नाही, समोरच्या माणसाला मिशी आहे, म्हणजे आणखीच नाही जुळणार!"

"म्हणून मग मार्करने पासपोर्टच्या फोटोवर मिशी काढायची."

बाबा उठले. स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले. चौतीस वर्षांत त्यांनी काय काय बघितलं असेल, पण पासपोर्टवर मार्कर हे त्यांच्या काळजाला लागलं. म्हणाले, आमच्याकडे पेन्शनर यायचे, पासबुकात काळ्याभोर मिशा, समोर सफाचट, आम्ही डोळ्यांत बघून ओळखायचो आणि पैसे द्यायचो, एकानेही कधी फोटोत स्वतःच्या मिशीला हात लावला नाही. मग थोडं थांबून, अपराध्यासारखं, "आणि मिशी आणायची कुठून?"

इथे मला मनापासून वाटलं की सांगू नये. पण सांगितलं. एका शेडच्या दाराला खाली भोक आहे. त्या भोकाला चिकटपट्टी लावायची. जवळ एक काळं मांजर असतं, त्याला तिथून हुसकायचं, ते भोकातून पळतं, केस पट्टीला चिकटतात. ते केस मेपल सिरपच्या पुडीतल्या सिरपने ओठावर चिकटवायचे. झाली मिशी.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. आईने पोह्यांवर कोथिंबीर घालता घालता "पाकाने?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, "मुंग्या लागतील."

आम्ही ते सगळं केलं. गोळी ठेवली, पासपोर्ट मारला, मांजर पळवलं. गेब्रिएल कोट-टोपी-मिशी घालून काउंटरवर गेला, क्लार्कने पासपोर्ट बघितला, माणूस बघितला, आणि गाडी दिली.

"दिली?" बाबा.

"दिली."

"झेरॉक्सही नाही घेतली?"

"नाही."

"माझ्या ब्रँचला असता तर मेमो दिला असता," बाबा म्हणाले, आणि ते चेष्टेत म्हणत नव्हते, दिवसभर त्यांच्या डोक्यातून तो क्लार्क गेला नाही. दुपारी झोपून उठल्यावर पहिलं वाक्य, "निदान मोझलीच्या हॉटेलवर एक फोन तरी करायचा."

गंमत म्हणजे ह्याच गेमात पुढे एक कोडं आहे ते गेमच्या दुनियेतल्या सगळ्यात सुंदर कोड्यांपैकी एक मानतात, आणि माझंही तेच मत आहे. ल सरपाँ रूज, लाल साप, एक गूढ कविता, राशींप्रमाणे तिची कडवी, आणि गेब्रिएलची असिस्टंट ग्रेस कॉम्प्युटरवर त्या भागाच्या नकाशावर एकेका कडव्यावरून रेघा, वर्तुळं, चौकोन काढत जाते. बाबांनी त्यासाठी माळ्यावरून माझी कंपासपेटी काढली, नकाशा ग्राफपेपरवर उतरवला, दोन दिवस जेवणाच्या टेबलावर कोणाला ताट ठेवू दिलं नाही. जी बाई एवढं नाजूक काम करते, जेन जेन्सन तिचं नाव, हा गेम लिहिणारी, तिला मांजर कुठून सुचलं हे मला पटेचना. मग वाचलं की तिनेच नंतर सांगितलंय, ते मिशीचं कोडं तिचं नव्हतंच, आधीचं कोडं बनवायला महाग पडत होतं म्हणून त्याच्या जागी हे दुसऱ्याने घातलं.

बाबांना हे सांगितल्यावर त्यांना एकदम शांत वाटलं. "म्हणजे ऑडिटच्या आदल्या रात्री जोडलेलं व्हाउचर. लगेच कळतं गं. मला पहिल्यापासून वाटत होतं." आणि मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले, काउंटरवरून बघायचे तसे. "पण हे तुला कसं सुचलं?"

"सुचलं असंच."

"असंच."

"हो."

त्यावर ते काहीच बोलले नाहीत. पण संध्याकाळी कपाटाच्या लॉकरची किल्ली नेहमीच्या खिळ्यावर नव्हती, त्या लॉकरमध्ये त्यांचा पासपोर्ट असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर असताना मागच्या अंगणातून आईचा आवाज आला, "अहो, मोरीच्या दाराला सेलोटेप कोणी लावलाय?" आमच्या मागच्या मोरीचं दार खालून कुजलंय, तिथून शेजारचा बोका, बंड्या, रोज दूध चोरायला येतो. मी म्यूट करून गेले. बाबा उकिडवे बसले होते, एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात टेपचा तुकडा उजेडाकडे धरलेला. बंड्या भिंतीवर बसून त्यांच्याकडे बघत होता.

"तीन वेळा गेला," बाबा म्हणाले. "दोन केस आलेत."