ईबेवर निगेटिव्ह शेरा दिला तर विक्रेता सूड घेतो? खुलासा

‘ईबेवर विक्रेत्याला निगेटिव्ह शेरा दिलात तर तोही तुम्हाला तसाच देईल, गप्प बसा,’ असं नाणी जमवणाऱ्यांत अजून सांगितलं जातं. हे आता खरं नाही. पूर्वी हा धाक खरा होता, म्हणून तर २००८ मध्ये नियम बदलला. तेव्हापासून विक्रेता खरेदीदाराला निगेटिव्ह शेरा देऊच शकत नाही.

तरी घाई नको. शेऱ्यासाठी ६० दिवस असतात आणि नुसत्या शेऱ्याने पैसे परत मिळत नाहीत. आधी फोटो जोडून विक्रेत्याला लिहा, मग रिटर्न मागा. पार्सल टपालात रखडलं एवढ्यावरून कुणाचं नाव खराब करणं मला अन्यायाचं वाटतं. पण घासून चकचकीत केलेलं नाणं ‘मूळ झळाळी’ म्हणून खपवलं आणि वर उत्तरही टाळलं, तर जरूर लिहा.