‘हॉर्न बदलणं शंभर टक्के कायदेशीर’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, गणेश मंडळाच्या आणि आमच्या लाइनमधल्या मेकॅनिक मंडळींच्या. मेसेज थोडक्यात असा: ‘हॉर्न बदलणं शंभर टक्के कायदेशीर आहे, कारण आरसीवर हॉर्नची नोंदच नसते. ११२ डेसिबलपर्यंत कोणताही हॉर्न चालतो. बेकायदा असता तर दुकानात उघड विकला असता का? म्युझिकल हॉर्नला तर आता मंत्र्यांनीच परवानगी दिली आहे. हॉस्पिटलचा बोर्ड सोडला तर हॉर्न कुठेही, कितीही वाजवा, दंड होत नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये मोठा हॉर्नच जीव वाचवतो. पोलिसांना हा मेसेज दाखवा.’

मी नाना पेठेत गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो, १९ वर्षं झाली. हा मेसेज मोबाइलवर उघडून ‘हे बघा, चालतं’ असं सांगणारी तीन गिऱ्हाइकं माझ्याकडे येऊन गेली. तिघांनाही तोंडी सांगितलं ते इथे सविस्तर लिहितोय.

आरसीचा मुद्दा आधी घेतो, कारण मेसेजमध्ये अर्धं तरी खरं असलेली तेवढी एकच गोष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. आरसीवर हॉर्न लिहिलेला नसतो, हेही खरं. जळालेला हॉर्न काढून त्याच जातीचा दुसरा बसवायला आरटीओत जावं लागत नाही. ते काम मी रोज करतो.

पण हॉर्नसाठी कलम ५२ कडे जायची गरजच नाही. हॉर्नला स्वतःचा नियम आहे: केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११९. त्याचा पहिला भाग सांगतो की प्रत्येक गाडीला ठरलेल्या मानकाचा, पुरेसा इशारा देणारा हॉर्न असलाच पाहिजे. दुसरा भाग सांगतो की एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न बसवायचा नाही, आणि अवाजवी कर्कश, तीक्ष्ण, मोठा किंवा घाबरवणारा आवाज करणारं दुसरं कोणतंही साधन बसवायचं नाही. तिसऱ्या भागातली सूट रुग्णवाहिका, अग्निशमन आणि बचावकार्याची वाहनं, पोलीस, मोटार वाहन विभागाचे अधिकारी आणि बांधकाम यंत्रं यांना आहे. तीही कर्तव्यावर असताना, आणि नोंदणी अधिकाऱ्यानं मंजूर केलेल्या आवाजापुरतीच. खासगी गाडीत सायरन बसवणाऱ्यांनी हा तिसरा भाग दोनदा वाचावा. गाडीवर पक्षाचा झेंडा असला म्हणून ती या यादीत येत नाही.

शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १८२अ आलं. नियमात बसत नाही असा बदल मालकानं गाडीत केला, वरून सुटा भाग बसवून केला तरी, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आवाजाच्या मानकांचा भंग करणारी गाडी रस्त्यावर चालवली तर कलम १९०(२) आहे: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. ‘आरसीवर नाही म्हणजे गुन्हा नाही’ हे वाक्य इथेच संपतं.

आता ११२ डेसिबल. हा आकडा हवेतून आलेला नाही, त्यामुळेच लोकांना पटतो. वेताळ टेकडीला आपण सवयीनं ‘एआरएआयची टेकडी’ म्हणतो. त्या टेकडीवरची एआरएआय ही संस्था १९६६ पासूनची. देशातल्या गाड्यांच्या चाचण्यांची मानकं तीच प्रसिद्ध करते आणि गाडी बाजारात येण्याआधीच्या चाचण्याही तिथे होतात. गाडीवर बसवलेल्या हॉर्नचा आवाज गाडीच्या समोर ७ मीटरवर मोजतात. चारचाकीचा तो ९३ ते ११२ डेसिबलच्या मध्ये यावा लागतो आणि लहान दुचाकींसाठी खालची मर्यादा आणखी कमी आहे. म्हणजे ११२ ही चाचणीतली वरची हद्द झाली. गिऱ्हाइकानं गाठायचं टार्गेट म्हणून ती दिलेली नाही.

आणि ७ मीटर हे अंतर महत्त्वाचं आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो. त्या हिशेबानं ७ मीटरवरचे ११२ म्हणजे १ मीटरवर जवळजवळ १२९. लक्ष्मी रोडवर गाडीच्या पुढ्यातून रस्ता ओलांडणारं पोर ७ मीटरवर नसतं, बंपरपासून हातभर अंतरावर असतं, आणि त्याचा कान हॉर्नच्याच उंचीवर येतो. मी पाहिलेल्या बाहेरच्या हॉर्नच्या बहुतेक खोक्यांवर डेसिबलचा आकडा ठळक छापलेला असतो, पण तो किती अंतरावर मोजला ते लिहिलेलं नसतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बऱ्याच कारना कंपनीकडूनच दोन हॉर्न येतात, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक. ते दोन्ही एकाच वेळी वाजतात. नियमाची बंदी एकामागून एक सूर काढणाऱ्या हॉर्नवर आहे, त्यामुळे ही जोडी त्यात येत नाही. ‘माझ्या गाडीला दोन हॉर्न आहेत, मी गुन्हेगार का?’ असं विचारणाऱ्यांनी निश्चिंत राहावं.

‘दुकानात मिळतो म्हणजे चालतो’ याला एवढंच म्हणेन, की बिल हा परवाना नाही. नियम वस्तू गाडीवर बसवण्याबद्दल आहे. उद्या कारवाई झाली तर चलन गाडीच्या नंबरवर निघेल, दुकानदाराच्या नाही.

म्युझिकल हॉर्नबद्दलचा गैरसमज मी समजू शकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकच्या कार्यक्रमात नितीन गडकरी म्हणाले होते की गाड्यांच्या हॉर्नमध्ये भारतीय वाद्यांचेच आवाज असावेत असा कायदा करण्याचा विचार आहे. पुढेही ते यावर बोलले आहेत. पण विचार बोलून दाखवणं वेगळं आणि राजपत्रात अधिसूचना निघणं वेगळं. आणि त्या बोलण्याचा रोख कर्कश आवाज कमी करण्यावर होता. त्याचा आधार घेऊन रिव्हर्सला गाणं आणि हॉर्नला कुत्र्याचं भुंकणं बसवून घेणाऱ्यांनी ते भाषण नीट ऐकलेलंच नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो ‘कुठेही, कितीही वाजवा’ या ओळीचा. कलम १९४फ त्यासाठीच आहे. विनाकारण, सतत किंवा सुरक्षिततेसाठी लागतो त्यापेक्षा जास्त हॉर्न वाजवला तर १,००० रुपये दंड, पुन्हा केलं तर २,०००. हॉर्नबंदीची खूण असलेल्या जागी वाजवला तरी तोच दंड. पहिल्या भागात हॉस्पिटलचा शब्दही नाही, तो सगळ्या रस्त्यांना लागू आहे. सिग्नल लाल आहे, आकडा ४० वर आहे आणि मागचा बोंबलतोय, हे ‘विनाकारण’ नाही तर काय? मुंबई पोलिसांनी २०२० च्या जानेवारीत एक सिग्नल दाखवला होता, हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचा आकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा. आपल्याकडे नळस्टॉपला तो लावला तर संध्याकाळी गाड्या हलणार नाहीत.

रात्रीचं तर आणखी स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २००५ च्या निकालात सांगितलं की रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात अपवादात्मक परिस्थितीशिवाय हॉर्न वाजवू देऊ नये. पुढे २०१० मध्ये ध्वनिप्रदूषण नियमांत नियम ५अ आला: शांतता क्षेत्रात, आणि रात्री निवासी भागात, सार्वजनिक आणीबाणी सोडून हॉर्न नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीची किमान १०० मीटरची जागा सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते, पण रात्रीच्या बंदीला असला कोणताही बोर्ड लागत नाही. आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्री साडेबाराला वॉचमनकाका उठावेत म्हणून तीन-तीनदा हॉर्न देणारे लोक आहेत. काका गेटपासून दहा पावलांवर झोपतात. खाली उतरून हाक मारली तरी त्यांना ऐकू जाते. त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत सहा महिन्यांचं बाळ आहे.

‘मोठा हॉर्नच जीव वाचवतो.’ हे म्हणणारे मनापासून म्हणतात, म्हणून याला नुसत्या कलमांनी उत्तर देणं बरोबर नाही.

माझी वहिनी दोन वर्षांपूर्वी स्वारगेटकडून टिळक रोडला स्कूटरवरून येत होती. आपल्या लेनमध्ये, तिशीच्या वेगानं. मागच्या कारनं अगदी जवळ येऊन प्रेशर हॉर्न दिला, ट्रकला असतो तसला. ती दचकली, दोन्ही ब्रेक एकदम दाबले गेले, पुढचं चाक सरकलं. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लेट टाकावी लागली. कार बाजूनं निघून गेली. वहिनी शिवणकाम करते, पाच महिने तिचा कात्रीचा हात बंद होता. त्या कारवाल्याला विचारलं तर तो म्हणेल, ‘मी तर सावध केलं.’

दचकलेला माणूस बाजूला होत नाही. तो जागच्या जागी थिजतो किंवा हातात असेल ते दाबतो. दुसरं म्हणजे, हॉर्ननं गाडी थांबत नाही. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. हॉर्नवर भरवसा ठेवणारा तो सेकंद समोरचा हलण्याची वाट बघण्यात घालवतो आणि ब्रेकला उशीर करतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत हॉर्नच्या बटणाचे पॉइंट जळालेले असतात आणि ब्रेक शू गुळगुळीत झालेले असतात, एकाच गाडीत.

‘हॉर्न ओके प्लीज’चा दाखला देणाऱ्यांनाही सांगतो: महाराष्ट्रात व्यापारी वाहनांच्या मागे ते लिहायला २०१५ मध्येच बंदी आली, आणि कारण हेच होतं की त्यानं विनाकारण हॉर्नला उत्तेजन मिळतं.

जाता जाता कामातलं एक. हे मोठे हॉर्न कंपनीच्या हॉर्नपेक्षा कितीतरी जास्त करंट खेचतात. बरेच जण रिले (जास्त करंटचा भार बटणावर येऊ न देणारा स्विच) न टाकता, हार्नेस म्हणजे गाडीच्या वायरींचा मूळ जुडगा कापून, टेप गुंडाळून थेट जोडून देतात. वायर तापते, फ्युज उडतो. मग गिऱ्हाईकच मोठा फ्युज टाकतं आणि पुढच्या वेळी फ्युजऐवजी वायर जळते. मागच्या पावसाळ्यात असा वितळलेला कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, मी एका बाइकच्या हेडलाइटमागून काढला. आजूबाजूच्या चार वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या.

ज्यांनी असा हॉर्न बसवून घेतलाय त्यांनी घरी मूळ हॉर्न शोधावा. बहुतेकांनी तो डिकीत किंवा माळ्यावर ठेवलेला असतो. आवाज फाटत असेल तर बऱ्याच हॉर्नच्या मागे सेटिंगचा स्क्रू असतो, तो थोडा फिरवला की पुष्कळदा आवाज परत खणखणीत होतो. गंजलेलं अर्थिंग घासून घ्यावं. अर्ध्या तासाचं काम आहे.