फक्त कंपाइल तर करायचंय

आमचं एक टूल आहे, सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, लिनक्सवर सहा वर्षं बिनबोभाट चालतंय. एका क्लायंटला ते विंडोजवर हवं झालं. लीड म्हणाला, "अरे कोड तर आहेच, फक्त व्हिज्युअल स्टुडिओत कंपाइल करायचंय, शुक्रवारपर्यंत देऊन टाक." कंपाइल म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणं, आणि व्हिज्युअल स्टुडिओ हे त्यासाठीचं मायक्रोसॉफ्टचं साधन. हा 'फक्त' आमच्या ऑफिसात पहिल्यांदा कोणी आणला त्याला मला एकदा भेटायचंय.

कंपायलर राहिला बाजूला, कोड सांभाळणारं गिट तो विंडोजवर उतरवूनच घेईना, का तर एका फाइलचं नाव ऑक्स डॉट सी. ऑक्स, कॉन, नल ही नावं डॉसच्या काळापासून डिव्हाइससाठी राखीव, एसटीतल्या आमदारांच्या सीटसारखी, बसायला कोणी येवो न येवो. नाव बदललं. मग युनिएसटीडी डॉट एच ही लिनक्सच्या फंक्शनांची ओळख करून देणारी फाइल सापडेना. ती इथे नसतेच. तिच्यासोबत फोर्क पण गेला. लिनक्सवर फोर्क म्हणून दोन कंस टाकले की प्रोसेसला जुळं होतं, इथे क्रिएटप्रोसेस नावाचं फंक्शन आहे आणि त्याला १० पॅरामीटर लागतात. रेशनकार्डाचा फॉर्म परवडला! तिथे जसं 'लागू नाही' लिहीत जातो तसं मी निम्म्या रकान्यांत नल, म्हणजे 'काही नाही', भरलं.

कंपाइल झालेले तुकडे जोडायला, म्हणजे लिंक करायला गेलो तर म्हणे 'एक्स्ट्रा ऑपरंड'. दोन तास. शेवटी कळलं की गिटसोबत येणाऱ्या गिट बॅशमधे लिंक नावाची एक वेगळीच युनिक्स कमांड असते, फाइलला आणखी एक नाव (हार्ड लिंक) देणारी, आणि कमांड शोधायच्या जागांच्या यादीत, म्हणजे पाथमधे, ती आधी असल्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या लिंकरऐवजी तीच ओ देत होती. म्हणजे हाक मारली एका सुनीलला आणि गॅलरीत आला दुसराच.

पण खरं रडवलं ते 'फार'ने. कोडमधे इंट फार असा एक साधा व्हेरिएबल होता, अंतर ठेवायला. कंपायलर म्हणतो, बरोबरच्या चिन्हाआधी नावच नाहीये. अरे आहे ना, डोळ्यांसमोर आहे! चष्मा पुसून पाहिलं. तर विंडोज डॉट एच मधे निअर आणि फार हे दोन्ही शब्द रिकामे डिफाइन केलेत, १६ बिटच्या जमान्यातले पॉइंटरचे (मेमरीतल्या पत्त्यांचे) प्रकार, ते गेले पण जुना कोड अडू नये म्हणून हे शब्द वाचले की गिळून टाकायचे. माझा व्हेरिएबलही त्यात गेला.

गुरुवारी रात्री एकदाचं चाललं, पण ४० एमबीची फाइल दिली की पहिले दोन-तीन केबी वाचून 'झालं' म्हणून मोकळं. कारण टेक्स्ट मोडमधे २६ नंबरचा बाइट आला की विंडोजला वाटतं फाइल संपली. ही सीपी/एम या डॉसच्याही आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमची देणगी, तिथे फाइलची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांत मोजायचे, म्हणून नेमका शेवट दाखवायला कंट्रोल-झेड, म्हणजे हाच २६. उपाय काय, तर फाइल उघडणाऱ्या एफओपनमधे 'आर'पुढे 'बी' (बायनरी) लिहायचं.

शुक्रवारी लीडने शेवटचा कमिट (गिटमधे नोंदवलेला बदल) उघडला, त्यात फक्त तो 'बी'. स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काल रात्री अडीचपर्यंत हे करत होतास?"