कृष्णविवर, वरून जीरावन

विज्ञानपटांचा जाणकार व्हायचं तुम्ही मनावर घेतलं असेल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सिनेमा पाहणं हे त्यातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात बिनमहत्त्वाचं काम आहे. सिनेमा काय, कोणीही पाहतो. तिकीट काढायचं, पॉपकॉर्नचा भाव ऐकून पोटात गोळा आणायचा, तीन तास अंधारात बसायचं आणि घरी यायचं. जाणकाराची जातच वेगळी. सिनेमा यायच्या दोन वर्षं आधी त्याला तारीख पाठ असते आणि आल्यावर दोन दिवसांत त्याला त्याचा कंटाळा आलेला असतो.

तेव्हा श्रीगणेशा तारखांपासून करा. १८ डिसेंबर २०२६ ही 'ड्यून'च्या तिसऱ्या भागाची जाहीर झालेली तारीख, आणि 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे'चीही तीच. त्या आठवड्यात घरात बारसं, मुंज, साखरपुडा काहीही निघालं तरी आपण गावाला गेलेलो असू, असं आत्ताच कळवून टाका. 'अवतार'च्या चौथ्या भागासाठी २१ डिसेंबर २०२९ जाहीर झाली आहे आणि पाचव्यासाठी २०३१ चा डिसेंबर. घराच्या कर्जाचे हप्ते सोडले तर इतक्या लांबचं तुमच्या आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नसेल. विज्ञानपटाने दूरदृष्टी येते म्हणतात ती हीच.

तारखा पुढे ढकलल्या जातात हेही धरून चाला. 'अवतार'चा दुसरा भाग आधी २०१४ च्या डिसेंबरात येणार होता, तो आला २०२२ च्या डिसेंबरात. पुण्या-मुंबईची मंडळी अशाने चिडतात. आम्ही इंदूरकर चिडत नाही. भविष्यकाळ उशिरा येतो आणि आला तरी टिकेलच असं नाही, हे आम्हाला भर रस्त्यात शिकायला मिळालं आहे. २०१३ साली बीआरटीएसच्या रूपाने तो एकदा आला होता: रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्गिका, उंच थांबे, सगळं कसं परग्रहावरचं. २०२५ मध्ये हायकोर्टाच्या परवानगीने तो उपटून टाकायचं ठरलं. त्याच वर्षी ३१ मेला सुपर कॉरिडॉरवर मेट्रो सुरू झाली. सुमारे सहा किलोमीटर, पाच स्टेशनं. लोक कुठे जायला म्हणून बसले नाहीत, जाऊन यायला बसले. अंतराळवीर तरी दुसरं काय करतात?

होऊन गेलेल्या भविष्यांचीही थोडी माहिती असू द्या, चारचौघांत वजन पडतं. 'ब्लेड रनर' आला १९८२ साली आणि त्यातली गोष्ट घडते नोव्हेंबर २०१९ मध्ये. लॉस एंजेलिस, सतत अंधार, सतत पाऊस, उडत्या गाड्या आणि खाली कचराच कचरा. खरा नोव्हेंबर २०१९ इंदुरात कसा गेला ते आठवून पाहा. रोज सकाळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत येत होती आणि आमचं शहर स्वच्छतेत लागोपाठ तिसऱ्यांदा देशात पहिलं आलेलं होतं. उडती गाडी आली नाही, घंटागाडी आली. भविष्यातल्या शहरात कचरा कोण उचलतं, हे हॉलिवुडला सहसा सुचत नाही. २००८ सालच्या 'वॉल-ई'तला तो एकटा बिचारा रोबो तेवढा अपवाद, पण तो सिनेमा इंदूरकराबरोबर पाहू नका. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ अर्धा तास अस्वस्थ होते. शेवटी म्हणाले, "भिया, हा ओला-सुका वेगळा नाही करून राहिला."

आता बोलायचं कसं. सकाळी पोह्याच्या ठेल्यावर पहिला द्रोण हातात आला की जीरावन, म्हणजे आमचा पोह्यांवरचा मसाला, भुरभुरता भुरभुरता म्हणायचं, "सायन्सच्या दृष्टीने ठीक आहे, पण..." आणि 'पण'नंतर जिलेबी उचलायची. वाक्य पूर्ण करायचं नाही. पूर्ण केलं की समोरचा प्रश्न विचारतो. अंतराळात आवाज नसतो, हे वाक्य मात्र पुरं म्हणायला हरकत नाही, आणि ते म्हणायची जागा म्हणजे थिएटर. नीरव शांततेचा प्रसंग चालू असताना, मागच्या तीन रांगांना ऐकू जाईल अशा बेताने. '२००१: अ स्पेस ओडिसी'ने १९६८ मध्येच अंतराळ निःशब्द ठेवलं होतं, असं वर जोडा. तो तुम्ही पूर्ण पाहिलाय का असं कोणी विचारणार नाही. विचारणाऱ्यानेही तो माकडांपर्यंतच पाहिलेला असतो.

फॉरमॅटचा प्रश्न नाजूक आहे. माझा आतेभाऊ पुण्यात असतो. 'इंटरस्टेलर' फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडे पुन्हा लागला तेव्हा मी उत्साहाने त्याला फोन केला. त्याने सिनेमा कसा वाटला हे विचारलंच नाही. "कुठल्या स्क्रीनवर पाहिलास?" एवढंच विचारलं, ज्या स्वरात पूर्वी "मुलगा काय शिकलाय?" विचारत. मग त्याने मला १.४३ हा आकडा सांगितला. आयमॅक्स या भल्यामोठ्या पडद्याच्या मूळ फिल्मची चौकट १.४३ रुंद असेल तर १ उंच, आणि नेहमीचा पडदा रुंद पण बुटका, त्यामुळे वरचं-खालचं कापलं जातं. म्हणजे मी सिनेमा पाहिला होता, पण पूर्ण ग्रह पाहिला नव्हता. तेव्हापासून मीही हा आकडा लोकांच्या अंगावर टाकतो. त्याला उत्तर नाही. आमच्या इंदूरच्या 'सानंद' संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात एका काकांना टाकला, तर ते गडबडून म्हणाले, "आमची सीट मागचीच असते हो."

'इंटरस्टेलर'वर बोलताना एका तासाचा हिशेब आलाच पाहिजे. त्या पाण्याच्या ग्रहावर एक तास गेला की पृथ्वीवर सात वर्षं सरतात, शेजारी अजस्र कृष्णविवर असल्यामुळे. सिनेमाचे शास्त्रीय सल्लागार किप थॉर्न, ज्यांना २०१७ साली गुरुत्वीय लहरींसाठी नोबेल विभागून मिळालं. हे नाव घेताना किंचित थांबा, कॉलेजात तुमच्या मागच्या बाकावर बसायचे असं वाटलं पाहिजे. जयंत नारळीकरांचं नाव मात्र घेऊ नका. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक गोष्ट आली, पहिली ठरली, आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे नारळीकरच, आद्याक्षरं उलटी करून बसलेले. गोष्टीचं नाव 'कृष्णविवर'. थॉर्नसाहेबांच्या सिनेमाच्या चाळीस वर्षं आधी. पण हे सांगितलंत तर समोरचा म्हणेल, "हो, आमच्या बाबांकडे होतं वाटतं ते पुस्तक," आणि तुमची जाणकारी एका झटक्यात बाबांच्या कपाटात जाऊन पडेल. शोध इंग्रजीतून लागलेला बरा.

याच न्यायाने राजा रामण्णा केंद्राबद्दलही तोंडातून अवाक्षर काढू नका. खरं तर इथे मला जरा मोह होतो. आपल्या इंदुरात, गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं अशा त्या आवारात, 'इंडस-२' नावाचं यंत्र आहे. सुमारे १७२ मीटर परिघाचं कडं आणि त्यात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरतात. भागाकार करून पाहा, सेकंदाला सतरा लाखांच्या वर फेऱ्या होतात. राजवाड्याला बाइकवरून चकरा मारणाऱ्या पोरांनी कितीही मनावर घेतलं तरी जमायचं नाही. आणि काळाचं म्हणाल (इतक्या वेगानेही घड्याळ मंदावतं), तर 'इंटरस्टेलर'मधलं प्रमाण एकास सुमारे ६१ हजार पडतं. इथे इलेक्ट्रॉनची ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, त्यावरून प्रमाण निघतं एकास जवळपास ४,९००. त्याच्या घड्याळात एक तास झाला की आपले दोनशेहून जास्त दिवस गेले. त्यासाठी कृष्णविवराजवळ जायला नको, विजेची व्यवस्था पुरते. पण हे बोलायचं नाही म्हणजे नाही. तिकडच्याला सायन्स म्हणतात, इकडच्याला सरकारी नोकरी.

'प्रोजेक्ट हेल मेरी' या सिनेमाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याच्यावर कोणाशी वाद होत नाही आणि वाद होत नाही तिथे जाणकाराला काम नाही. शाळेत विज्ञान शिकवणारा एक मास्तर सूर्य विझू नये म्हणून दुसऱ्या ताऱ्याकडे जातो. कल्पना चांगली आहे. आपल्याकडे त्याला आधी जनगणनेच्या ड्युटीतून मोकळं करावं लागलं असतं. पुस्तक २०२१ चं आहे, तेव्हा "पुस्तक जास्त चांगलं होतं" हे वाक्य तुम्ही पुस्तक न वाचता वापरू शकता.

आता शेवटची आणि सगळ्यात कळकळीची सूचना. घरातल्या वडीलधाऱ्यांना विज्ञानपटाला नेऊ नका. विशेषतः ज्यांनी नर्मदा परिक्रमा केलेली आहे, त्यांना तर नाहीच.

मी हे चुकलो. जून २०२४ मध्ये 'कल्की २८९८ एडी' लागला. आत्या लोकमान्य नगरात एकटीच असते, म्हटलं चल. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, परिक्रमा पायी केलेली, पर्समध्ये खोबऱ्याच्या वड्या. जाताना रिक्षात मी तिची तयारी करून घेतली. म्हटलं, आत्या, हा सायन्स फिक्शन आहे बरं का. साल २८९८. काशी उजाड झाली आहे, गंगा आटली आहे, वर आकाशात श्रीमंतांचं वेगळंच शहर लटकलं आहे. तुला सगळं कळणार नाही, पण मी मध्ये मध्ये सांगत जाईन. ती बरं म्हणाली.

दिवे गेले. कुरुक्षेत्र आलं. मग काही हजार वर्षांची उडी, आणि पुढे देवळाच्या काळोखातून आठ फुटी अमिताभ अश्वत्थामा होऊन उभा राहिला. आख्खं थिएटर शिट्ट्या मारत होतं. आत्या वडी मोडत शांतपणे म्हणाली, "हा आपल्या असीरगडचा."

मी तिला समजावलं की हे भविष्य आहे, दिग्दर्शकाची कल्पनाशक्ती आहे, पुराण आणि तंत्रज्ञानाचा संगम आहे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की यात कल्पना कसली, बुऱ्हाणपूरच्या अलीकडे गडावर महादेवाचं देऊळ आहे, तिथे तो पहाटे येऊन पिंडीवर फूल वाहून जातो, गावातल्या कोणालाही विचार. आणि शूलपाणीच्या झाडीत तर तिच्या पुढच्या जथ्यातल्या बाईंना प्रत्यक्ष भेटला होता. असाच उंच. कपाळाला फडकं गुंडाळलेलं. पुढच्या रांगेतला एक मुलगा वळून तिच्याकडे पाहायला लागला. मला वाटलं, आता तो शुक शुक करणार. तो म्हणाला, "मग काय झालं आजी?"

त्यानंतर मला मध्ये मध्ये सांगायची गरज पडली नाही. तीच आम्हाला सांगत होती, मला आणि पुढच्या रांगेला. चिरंजीव किती, त्यांची नावं काय, मणी कोणी काढून घेतला, जखम का भरत नाही. लेसरच्या मारामाऱ्या आल्या की ती पर्समध्ये काहीतरी शोधायची आणि अश्वत्थामा आला की पर्स बंद करायची.

बाहेर आलो तेव्हा मध्यरात्र होत आली होती. आत्याला भूक लागली होती, म्हणून सराफ्याला गेलो. सोनारांची दुकानं मिटलेली, त्यांच्या पायऱ्यांवर भुट्ट्याच्या किसाच्या कढया मांडलेल्या. ती एका पायरीवर टेकली, चार घास खाल्ले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, आवडला नाही. माझ्याकडे दृश्यपरिणामांवर चार वाक्यं तयार होती, १.४३ तर होताच. विचारलं, "कसा वाटला गं?"

"चांगला काढलाय," आत्या म्हणाली. "उंची बरोबर, फडकं बरोबर, देऊळही बरोबर. फक्त एक राहिलं."

"काय?"

"तेल कुठे मागितलं त्याने? जखमेवर घालायला तो सगळ्यांकडे तेल मागतो. मी परिक्रमेत त्यासाठीच छोटी बाटली वेगळी ठेवली होती."

आजूबाजूला दोन-तीन जण ऐकत होते. जाणकार मी होतो.

"दुसऱ्या भागात मागेल, आत्या."

"कधी आहे?"

"तारीख यायची आहे."