नंबर काढणे आणि डोळा मोजणे

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या बीड-परभणीकडील मुलांच्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. लेझरने चष्मा घालवण्याआधीची वेव्हफ्रंट तपासणी (डोळ्यातून परतणाऱ्या प्रकाशावरून डोळ्याचे बारीक दोष मोजणारी) म्हणजे पैसे उकळण्याचा प्रकार, नंबर तर चष्म्याच्या दुकानातला कॉम्प्युटरही काढून देतो, आणि नंबर शून्य होऊन तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली की डोळ्यात दोष उरत नाही, असे त्यात ठासून सांगितले आहे.

दुकानातला कॉम्प्युटर नंबर काढतो हे खरे; परंतु तो प्लस-मायनस आणि सिलिंडर (तिरकस नंबर) एवढेच सांगतो. वेव्हफ्रंट यंत्र डोळ्यात प्रकाशाची बारीक शलाका सोडते आणि दृष्टिपटलावरून परतणारा प्रकाश सूक्ष्म भिंगांच्या जाळीवर झेलते; प्रत्येक भिंग पडद्यावर एक ठिपका पाडते. डोळा निर्दोष असेल तर पडद्यावरचे ठिपके फुलीवर लावलेल्या कपाशीसारखे उभ्या-आडव्या ओळींत बसतात. दोष असेल तेथे ते ओळ सोडतात, आणि किती सरकले यावरून कोमा (उजेडाच्या ठिपक्याला शेपूट दिसणे; बेशुद्धीशी याचा संबंध नाही), गोलीय विपथन (कडेचे आणि मधले किरण एका जागी न मिळणे) अशा, साध्या चष्म्याने न जाणाऱ्या दोषांचे माप मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) निघते. रोलंड शॅक यांनी १९७१ च्या सुमारास दुर्बिणीच्या कामासाठी सुचवलेली ही जाळी १९९४ मध्ये मानवी डोळा मोजण्यासाठी वापरली गेली.

तक्त्याचा मुद्दा अधिक फसवा आहे. पांढऱ्या उजेडावरची ठळक काळी अक्षरे वाचताना बाहुली आकसलेली असते, त्यामुळे कडेचे दोष झाकले जातात. रात्री अंबाजोगाईहून लातूरकडे दुचाकीवर निघालेल्याची बाहुली मात्र मोठी झालेली असते, आणि समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रकच्या दिव्याला त्याला शेपूट फुटलेले दिसते. हाच माणूस सकाळी ६/६ वाचतो. शिवाय मायनस नंबर घालवताना लेझर पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) मध्यभागी सपाट करतो, त्यातून गोलीय विपथन वाढू शकते. आधीचे माप नसेल तर जुना दोष कोणता आणि नवा कोणता, हे कसे ठरवणार?

खर्चाबाबत मात्र संदेशात थोडे तथ्य आहे. प्रत्येक डोळ्याला वेव्हफ्रंटवर आधारित लेझर लागत नाही, आणि पारपटलाची जाडी व आकार पाहणारी तपासणी याहून वेगळी असून ती कोणालाही चुकत नाही. कारण सहा मिलिमीटरच्या वर्तुळात दर नंबरामागे सुमारे १२ मायक्रॉन पारपटल खर्ची पडते. वेव्हफ्रंटसाठी जादा पैसे लावले असतील, तर या मापामुळे लेझरच्या आखणीत नेमके काय बदलले हे डॉक्टरांना विचारावे आणि मापाच्या आलेखाची प्रत मागून घ्यावी.