फोल्डर ‘आपोआप’ हिरवा होत नाही

रिटर्नचा हंगाम आला की फोर्टपासून बोरिवलीपर्यंतच्या कर सल्लागारांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतो, सोबत एक स्क्रिप्ट (कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची छोटी फाइल): ‘विंडोजमध्ये ही स्क्रिप्ट एकदाच चालवा. काम बाकी असलेल्या क्लायंटचा फोल्डर लाल, झालं की आपोआप हिरवा. रंग कायमचा चिकटतो, पेन ड्राइव्हवर, मॅकवर, गूगल ड्राइव्हवर कुठेही न्या.’

आधी ‘कायमचा चिकटतो’ बघू, बाकीचे घोळ तिथूनच निघतात. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये फोल्डरला रंग द्यायची सोयच नाही. दिसतो तो बदललेला आयकॉन. त्याचा पत्ता फोल्डरच्या आत डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाच्या लपवलेल्या फाइलमध्ये असतो, आणि फोल्डरला रीड-ओन्ली किंवा सिस्टिम अ‍ॅट्रिब्यूट (फोल्डरवर लावायची खूण) असेल तरच एक्सप्लोरर ती वाचतो. (रीड-ओन्लीला बिचकू नका, फोल्डरला ते असलं तरी आत नव्या फाइली ठेवता येतात.) एक्सकॉपी या विंडोजच्या कॉपी करायच्या कमांडने बॅकअप घेताना ‘/एच’ विसरलात तर लपवलेली फाइल मागेच राहते आणि रंगही.

पेन ड्राइव्हवर रंग जातो, पण आयकॉन सोबत असेल तरच. पत्ता सी ड्राइव्हचा असेल तर अंधेरीच्या ऑफिसातला लाल फोल्डर ठाण्याच्या क्लायंटकडे साधा दिसेल, कारण तिथे ती आयकॉन फाइल नाही. आयकॉन त्याच फोल्डरात ठेवा आणि पत्त्यात नुसतं फाइलचं नाव लिहा. मॅक आणि ब्राउझरमधलं गूगल ड्राइव्ह यांना या फाइलशी देणंघेणं नाही. दोघांचे रंग त्यांचे त्यांनाच द्यावे लागतात.

‘एकदाच चालवा’ हे तर साफ चूक. रंग बदलत राहायचा तर स्क्रिप्ट टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत) लावावी लागते, समजा दर 15 मिनिटांनी. आणि फॉरवर्डवाली स्क्रिप्ट नेमकी दुसऱ्या फेरीत अडते. पहिल्या फेरीत तिने आयएनआय फाइल हिडन आणि सिस्टिम करून ठेवलेली असते. तिच्यावर परत लिहायला गेलं की ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. लिहिण्याआधी दोन्ही अ‍ॅट्रिब्यूट काढा, लिहून झालं की परत लावा. फाइल उडवून नवी करायचा शॉर्टकट नको, त्याने दर फेरीत फोल्डरची ‘डेट मॉडिफाइड’ बदलते आणि तारखेनुसार लावलेली यादी विस्कटते. मुळात रंग बदलायचा असेल तेव्हाच लिहा.

मराठी नावांची गंमत वेगळीच. आयकॉनला ‘लाल’ असं देवनागरीत नाव दिलंत आणि आयएनआय यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) सेव्ह केलीत, तर पत्त्याचा कचरा होतो. आजचं नोटपॅड मुळात यूटीएफ-8 मध्येच सेव्ह करतं. ‘यूटीएफ-16 एलई’ निवडा, स्क्रिप्ट पॉवरशेल या विंडोजच्या स्क्रिप्ट-भाषेत असेल तर एन्कोडिंग ‘युनिकोड’ द्या, नाहीतर आयकॉनचं नाव सरळ रोमनमध्ये ठेवा.

आता ‘काम झालं की’. काम झालं हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? नियम आपणच लिहायचा. बहुतेक जण लिहितात की फोल्डरात आयटीआर-व्हीची (रिटर्नच्या व्हेरिफिकेशन फॉर्मची) पीडीएफ आली की हिरवा. पण रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत व्हेरिफाय करावं लागतं, आणि आयटीआर-व्ही हा तर व्हेरिफिकेशन बाकी असतानाचाच कागद. म्हणजे ज्या क्लायंटच्या मागे लागायला हवं त्याचाच फोल्डर हिरवागार. हिरव्याची अट व्हेरिफिकेशननंतरच्या अ‍ॅक्नॉलेजमेंटवर लावा, आयटीआर-व्हीला नारिंगी द्या.

पिवळा मात्र कुठल्याच टप्प्याला देऊ नका. विंडोजचा साधा फोल्डर पिवळाच असतो. स्क्रिप्ट बंद पडली तरी सगळं ‘काम चालू’ असल्यासारखं दिसेल.