जिरली का?

डेव्हलपर लायसन्सला पैसे पडत नाहीत. एवढं एक वाक्य खरेदी विभागातल्या गृहस्थांच्या गळी उतरवायला मला तीन दिवस लागले.

झालं होतं असं की, जिरा या कामांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रॉडक्शनवरचा, म्हणजे रोजच्या वापरातला, डेटाबेस उतरवून स्टेजिंग, म्हणजे चाचणीची नक्कल, उभं केलं. म्हणजे तिथली जिराही ५०० यूजरची. स्टेजिंगवरचं कॉन्फिगरेशन प्रॉडक्शनवर हलवायच्या ॲपची लायसन्स-की मात्र माझ्याकडे होती १०० ची. जिराच्या 'डेटा सेंटर' आवृत्तीत ॲपचा टिअर, म्हणजे यूजरसंख्येची पायरी, जिराच्या टिअरपेक्षा कमी असून चालत नाही. स्टेजिंगवर मी एकटाच भुतासारखा वावरतो, ही सबब तिथे ऐकली जात नाही. उपाय सोपा. मूळ खरेदी ज्या खात्यावर आहे, तिथून चाचणीपुरतं डेव्हलपर लायसन्स उचलायचं. खातं गृहस्थांच्या ताब्यात.

"दोन्हीकडे सर्व्हर आयडी एकच दिसतोय. म्हणजे यंत्र एकच. मग दुसरं लायसन्स कशाला?"

"यंत्रं दोन आहेत. आयडी डेटाबेसमध्ये असतो, तो नकलेबरोबर आला."

"नक्कल केलीत?" आवाज खाली आला.

"रीतसर नक्कल."

"मग साक्षांकित करून पाठवा. रक्कम किती?"

"शून्य."

"शून्याला फॉर्म सबमिट होत नाही. थोडी तरी रक्कम सांगा."

विकत घ्यायला निघालो असतो तर तासाभरात मंजुरी मिळाली असती. फुकट मागितलं, हा माझा गुन्हा.

जिरा हे नाव 'गोजिरा'वरून आलं, म्हणजे गॉडझिलाच्या मूळ जपानी नावावरून. आपल्याकडे गोजिरा म्हणजे गोंडस, तिकडे शहरं तुडवणारा राक्षस. त्यातला 'गो' गळाला आणि उरलेली माणसाची जिरवते.

लायसन्स मिळालं म्हणजे सुटलो असंही नाही. नकलेवर पहिलं काम, आउटगोइंग मेल बंद करणं आणि बेस यूआरएल, म्हणजे जिराचा वेब-पत्ता, बदलणं. मेल राहिला तर चाचणीतल्या प्रत्येक क्लिकची वार्ता खऱ्या पाचशे माणसांना जाते, आणि त्यातले निम्मे उत्तर देतात. मग हलवायच्या कॉन्फिगरेशनचा स्नॅपशॉट घेण्याआधी फिल्टरांचे, म्हणजे साठवलेल्या शोधांचे, मालक तपासायचे: माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो, फिल्टर मात्र त्याच्याच नावावर, आणि कामांचा फलक, म्हणजे बोर्ड, त्या फिल्टरवर. सात-बाराच तो. मालक आधी बदला, नाहीतर ॲपची तपासणी तिथेच अडते.

सगळ्यात वाईट कस्टम फील्ड, म्हणजे आपण स्वतः जोडलेले रकाने. जिरा एकाच नावाची दोन फील्ड खुशाल ठेवू देते. नाव जुळवून हलवायला गेलात, तर यातलं कुठलं, हे कुणी सांगायचं? प्रकार वेगळा निघाला, एकीकडे टेक्स्ट आणि दुसरीकडे सिलेक्ट, तर तिसरं जन्माला येतं. शिवाय नकलेनंतर बनवलेल्या फील्डचे आयडी दोन्हीकडे निराळे. स्टेजिंगवरचं १०१०० प्रॉडक्शनवर १०४०७ असू शकतं. वर्कफ्लोच्या, म्हणजे कामाच्या टप्प्यांच्या, स्क्रिप्टमध्ये कुणी हा आकडा ठोकून ठेवला असेल, तर डिप्लॉय, म्हणजे प्रॉडक्शनवर चढवणं, हिरवं दिसतं, ट्रान्झिशन होते, म्हणजे काम पुढच्या टप्प्यात जातं, आणि भरायची माहिती भलत्याच फील्डमध्ये जाऊन पडते किंवा कुठेच पडत नाही. एरर नाही, काही नाही. बोंब ठोकायलाही जागा नाही. म्हणून डिप्लॉयआधी स्क्रिप्टांत आणि जेक्यूएलमध्ये (जिराच्या शोधभाषेत) आकडे शोधून नावं घाला, बदलांची यादी ओळ न् ओळ वाचा, आणि डेटाबेसचा ताजा बॅकअप घ्या. 'अनडू' नावाचं बटण तिथे नाही.

शेवटी लायसन्स आलं. डिप्लॉय झालं, रीइंडेक्स, म्हणजे शोधसूची नव्याने बांधणं, ६२ टक्क्यांवर रेंगाळत होतं, तेवढ्यात गृहस्थांचा मेल: "शून्य रकमेची पावती अद्याप अप्राप्त. कृपया दोन प्रतींत जोडावी."